चाबूक कोणाच्या हातात, भार कोणाचा

विल्यम हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७५१ साली चार चित्रांची एक मालिका छापली. विषय होता क्रौर्याच्या चार पायऱ्या. लंडनच्या सेंट जाइल्स वस्तीतला, धर्मादाय शाळेत शिकणारा टॉम नीरो पहिल्या चित्रात एका कुत्र्याचे हाल करतो. दुसऱ्यात तो गाडीवान झालाय आणि घोड्याला झोडपतोय. तिसऱ्यात आपल्यापासून दिवस गेलेल्या मोलकरणीचा गळा चिरून तो पकडला जातो. चौथ्यात फासावरून उतरवलेलं त्याचं प्रेत शल्यविशारदांच्या टेबलावर फाडलं जातंय. ही चित्रं स्वस्तात छापली जावीत, गोरगरिबांच्या हाती पडावीत अशी हॉगार्थची इच्छा होती. सुधारायचं होतं ते त्यांनाच.

मी या मालिकेतल्या दुसऱ्या चित्रापाशी पुन्हा पुन्हा येते. घोडा कोसळलाय, त्याचा पाय मोडलाय आणि टॉम त्याला चाबकाच्या दांड्याने मारतोय. नजर पहिल्यांदा तिथेच जाते. पण घोड्याच्या मागे गाडी आहे आणि तिच्यातून चार जाडजूड वकील धडपडत बाहेर पडतायत. भाडं वाचावं म्हणून चौघं एकाच गाडीत कोंबून बसले होते, आणि घोडा खाली बसला तो त्यांच्या वजनाने. हॉगार्थला हे दिसत होतं. त्याने ते काढलंही. तरी मालिकेच्या शेवटी टेबलावर येतो तो टॉम. वकील आपल्या वाटेने गेले असावेत.

प्राण्यांशी माणसाचं वागणं आणि माणसामाणसांतली विषमता, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहणारं समाजशास्त्रीय संशोधन मी बरंच वाचलंय, अजूनही वाचते. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. प्राण्याच्या वाट्याला आलेला छळ आपण त्या क्षणी ज्याच्या हातात चाबूक असेल त्याच्या खात्यावर मांडतो. गाडीत बसलेल्यांचा हिशेब होत नाही. आणि चाबूक धरायची पाळी ज्यांच्यावर येते ते बहुतेक वेळा समाजाच्या तळातलेच असतात.

कायद्याचा इतिहासच बघा. प्राण्यांना क्रूर वागणुकीपासून वाचवणारा पहिला कायदा ब्रिटिश पार्लमेंटने १८२२ साली केला. आयर्लंडमधल्या गॉलवेचा खासदार रिचर्ड मार्टिन याने तो नेटाने मंजूर करून घेतला. घोडे, गुरं, मेंढ्या यांचा छळ करणाऱ्याला दहा शिलिंगपासून पाच पौंडांपर्यंत दंड. १८२४ मध्ये लंडनला प्राण्यांवरचं क्रौर्य रोखणारी संस्था उभी राहिली. गुलामगिरीविरुद्ध झुंजलेला विल्यम विल्बरफोर्स तिच्या संस्थापकांत होता. मग १८३५ च्या कायद्याने बैलांवर आणि अस्वलांवर कुत्रे सोडण्याचे खेळ बंद झाले, कोंबड्यांच्या झुंजींवरही बंदी आली. यातले बरेचसे खेळ रस्त्यावरच्या आणि गुत्त्यांतल्या गर्दीचे. घोड्यांवर बसून, शिकारी कुत्र्यांचा कळप सोडून कोल्ह्याला दमवून मारण्याचा जमीनदारांचा खेळ मात्र चालूच राहिला. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो थांबवणारा कायदा व्हायला २००४ साल उजाडावं लागलं. मध्ये जवळपास १७० वर्षं गेली.

बैलाच्या आणि कोल्ह्याच्या वेदनेत १७० वर्षांचं अंतर असू शकत नाही. ते अंतर खेळणाऱ्यांच्या ऐपतीतलं होतं, आणि त्या काळातल्या काही जणांना ते स्पष्ट दिसतही होतं. सिडनी स्मिथ या पाद्र्याने १८०९ मध्येच लिहून ठेवलं होतं, की दुर्गुण दडपायला निघालेल्या मंडळींनी आपल्या संस्थेच्या नावात 'वर्षाला ५०० पौंडांपेक्षा कमी मिळकत असलेल्यांचे दुर्गुण' असं म्हणावं. पुढे १८६८ साली प्राणी-संस्थेने तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलला उपाध्यक्षपद देऊ केलं. प्राण्यांबद्दल त्याला खरी कळकळ होती, तरी त्याने नकार दिला. ज्यांचा समाजात काही वट नाही अशाच वर्गांच्या गुन्ह्यांपुरतं संस्था आपलं काम मर्यादित ठेवते, तोवर आपण त्यात पद घेणार नाही, असं त्याने कळवलं. मिलचं हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. प्राण्यांची बाजू सोडायची नाही आणि गरिबाला झोडपण्यासाठी ती बाजू वापरूही द्यायची नाही, हे दोन्ही त्याने एकाच पत्रात सांभाळलं.

या संस्थांना कमी लेखायचा माझा हेतू नाही. त्यांच्यामुळे असंख्य जनावरांच्या पाठीवरचे वळ थांबले, आणि त्या जनावरांना दंड कोणाच्या खिशातून गेला याच्याशी देणंघेणं नव्हतं. माझा आक्षेप नजरेच्या रोखावर आहे. आजही मोबाइलवर एखादा व्हिडिओ फिरतो. ओझ्याखाली दबलेलं जनावर, त्याला मारणारा गाडीवान, खाली हजारो लोकांचा संताप. माझंही रक्त उसळतं, आणि ते उसळू नये असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या शिव्याशापांत गाडीवरचा माल कोणाचा आहे, खेपेमागे त्याला किती मिळतात, जनावर आजारी पडलं तर त्या दिवशी त्याच्या घरात काय शिजतं, हे विचारणारं सहसा कोणी नसतं.

डोरोथी ब्रुक या इंग्रज बाईंनी मात्र हे विचारलं होतं. १९३० साली त्या कैरोला गेल्या आणि तिथल्या रस्त्यांवर त्यांना हाडांचे सापळे झालेले घोडे राबताना दिसले. हे घोडे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याकडे होते. युद्ध संपल्यावर त्यांना मायदेशी न नेता तिथेच विकून टाकलं होतं. म्हणजे सरकारने हात झटकले, आणि घोड्यांचे हाल दिसत होते ते दमडीदमडीला मोताद असलेल्या मजुरांच्या हातून. ब्रुकबाईंनी १९३१ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून पैसे उभे केले आणि पुढच्या तीनएक वर्षांत सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. बहुतेकांना शांत मरण देण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. १९३४ मध्ये त्यांनी कैरोतच जनावरांचा दवाखाना काढला आणि तिथे गरिबांच्या जनावरांवर फुकट उपचार सुरू केले. हा दवाखाना मला कुठल्याही दंडापेक्षा जास्त शहाणपणाचा वाटतो. जखमी गाढवाचा मालक आणि गाढव एकाच दारिद्र्यात अडकलेले असतात, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

समाजशास्त्राने या सगळ्याकडे लक्ष द्यायला बराच उशीर केला. समाज म्हणजे माणसांचा, प्राणी त्यात सामानासारखे, अशीच समजूत होती. अमेरिकन समाजशास्त्रज्ञांच्या संघटनेत 'प्राणी आणि समाज' असा स्वतंत्र विभाग झाला तो २००२ मध्ये. त्याआधी, १९९६ साली, अर्नोल्ड आर्लूक आणि क्लिंटन सँडर्स या दोन समाजशास्त्रज्ञांनी एक साधी पण खोल जाणारी कल्पना मांडली होती. माणसांची जशी उतरंड असते तशीच प्रत्येक समाज प्राण्यांचीही रचतो. वरच्या बाजूला घरातले लाडके आणि उपयोगाचे प्राणी. खाली उपद्रवी, किळसवाणे, भीतिदायक. ही जागा प्राण्याच्या स्वभावावरून किंवा त्याच्या बुद्धीवरून ठरत नाही. आपल्या सोयीत तो कुठे बसतो यावरून ठरते.

याचं माझ्या मनातून न जाणारं उदाहरण मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड हर्झॉग यांनी १९८८ साली नोंदवलंय. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्रयोगासाठी पाळलेले उंदीर होते. त्यांच्यावर काय करायचं, कसं करायचं, याला समितीची मंजुरी लागे. त्याच इमारतीत जमिनीवर मोकाट फिरणारे उंदीरही होते. ते उपद्रवी ठरत, आणि त्यांच्यासाठी रात्री चिकट गोंदाचे सापळे लावले जात. त्यात अडकलेला उंदीर तडफडत राही. प्रयोगासाठी कोणी असा सापळा सुचवला असता तर समितीने तो मान्य केला नसता. आणि हे मोकाट उंदीर आले कुठून, तर त्यातले जवळजवळ सगळे पिंजऱ्यांतूनच निसटलेले. पिंजऱ्यातून फरशीवर उडी मारली, एवढ्याने त्याची पायरी बदलली.

माणसांची पायरीही अशीच बदलता येते. रुवांडात १९९४ च्या हत्याकांडात रेडिओवरून तुत्सी समाजाच्या लोकांना झुरळं म्हटलं जात होतं. झुरळ ठरवलं की चिरडणं हे स्वच्छतेचं काम होतं. कोणालाही जनावर म्हणून हिणवता येतं, कारण जनावराला काहीही करता येतं हे आपण आधीच कबूल केलेलं असतं. कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठात किंबर्ली कॉस्टेलो आणि गॉर्डन हॉडसन यांनी २०१० मध्ये हेच तपासून पाहिलं. प्राणी माणसासारखेच आहेत, त्यांनाही भावना आणि जाणिवा आहेत, असा मजकूर वाचलेल्या लोकांमध्ये परक्या देशातून आलेल्या माणसांना कमी माणूस समजण्याची वृत्ती घटलेली दिसली. उलट दिशेने, म्हणजे माणूसही शेवटी एक प्राणीच आहे असं सांगितलं, तेव्हा तसा परिणाम झाला नाही. कोणालातरी खाली आणून बरोबरी साधत नाही, वर घेऊन साधते. प्रयोग छोटा आहे, विद्यार्थ्यांवरचा आहे, हे लक्षात ठेवूनही मला त्याने दिलासा दिला.

मात्र या दिलाशाला एक मोठी ठेच लागते, आणि ती टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं नाही. प्राण्यांवर दया करणारा समाज माणसांवरही करेल असं मानावं, तर जर्मनीत नाझी सत्तेवर आल्याच्या वर्षीच, नोव्हेंबर १९३३ मध्ये, त्या काळातला अतिशय सविस्तर असा प्राणीसंरक्षण कायदा झाला. त्याआधी ऑगस्टमध्ये हिटलरचा सहकारी गोअरिंगने जिवंत प्राण्यांवर चिरफाडीचे प्रयोग करणाऱ्यांना छळछावणीत धाडायची धमकी दिली होती. आर्लूक यांनी या विसंगतीवरही काम केलंय. तीच राजवट १९४२ मध्ये ज्यूंना पाळीव प्राणी ठेवायला बंदी करते. ड्रेस्डेनचे भाषा-अभ्यासक व्हिक्टर क्लेम्परर यांच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. त्यांच्या घरात मुशेल नावाचा बोका होता. तो दुसऱ्या कोणाला देऊन टाकायचीही मुभा नव्हती, म्हणून त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन मारावं लागलं. प्राणीसंरक्षणाचा कायदा जागेवर होता, आणि बोका मेला, कारण तो ज्यूंच्या घरातला होता. नाझींनी उतरंड मोडली नव्हती. आवडत्या जनावरांना वरच्या पायरीवर चढवलं आणि नावडत्या माणसांना खाली ढकललं, इतकंच. म्हणून दयेचं प्रमाण मोजण्यापेक्षा ती उतरंडीतल्या कोणत्या पायरीला वाहिली जाते ते बघणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हरेट ह्यूज यांनी नाझी जर्मनीचाच विचार करताना, १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात विचारलं होतं की समाजातली चांगली माणसं आपली घाणेरडी कामं कोणाकडून करून घेतात. त्यांना जे हवं असतं पण पाहवत नाही, ते करायला माणसं नेमली जातात, आणि मग त्याच माणसांपासून अंतर राखलं जातं. हा प्रश्न कत्तलखान्याला जितका लागू पडतो तितका क्वचित कशाला पडत असेल.

टिमथी पचिरॅट हे राज्यशास्त्राचे अभ्यासक २००४ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या एका कत्तलखान्यात साधे कामगार म्हणून लागले आणि पाच महिन्यांहून जास्त काळ तिथे राबले. आधी शीतगृहात यकृतं टांगायची, मग जिवंत गुरं गल्लीतून पुढे हाकायची, मग दर्जातपासणी. दिवसाला सुमारे २,५०० गुरं मारली जात, म्हणजे दर बारा सेकंदांना एक. भयंकर हा आकडा आहेच. पण पचिरॅट यांनी दाखवलेली खरी गोष्ट जागेच्या मांडणीत आहे. तिथे १२१ वेगवेगळी कामं होती. जनावराच्या कपाळावर खटक्याची बंदूक टेकवणारा त्यातला फक्त एक. बाकीच्या १२० कामांवरची माणसं म्हणत, मारतो तो. कातडी सोलणारा, पोट फाडणारा, यकृत टांगणारा, कोणीच मारत नव्हतं. कातडी उतरण्याआधीच्या भागातले कामगार आणि नंतरच्या भागातले कामगार यांच्या वावराच्या जागाही वेगळ्या. कचेरीत बसणाऱ्यांना तर कत्तलीच्या जागेकडे पाय वळवायचीही गरज नव्हती. एवढ्या मोठ्या हत्येची जबाबदारी खाली खाली सरकत एका माणसाच्या मनगटावर येऊन थांबते. आणि ही शृंखला भिंतींशी संपत नाही. खाणारा १२१ च्या बाहेरचा, गिनतीतच नसलेला.

तिथे काम करणारे बहुतेक जण स्थलांतरित होते, मेक्सिकोतून, मध्य अमेरिकेतून, आग्नेय आशियातून, आफ्रिकेतून आलेले. पट्टा पुढे सरकतो त्या वेगाने सुरी चालवायची. या उद्योगात बोटं तुटणं, मनगटं कायमची आखडणं नेहमीचं. आणि जे शरीरावर दिसत नाही त्याचं काय?

एमी फिट्झजेराल्ड, लिंडा कॅलॉफ आणि टॉमस डीट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास हेच धुंडाळतो. अमेरिकेतल्या ५८१ काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची, १९९४ ते २००२ या काळातली माहिती त्यांनी तपासली. कत्तलखान्यांत जास्त माणसं कामाला असतील तिथे अटकांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. त्यातही हिंसक गुन्हे आणि बलात्कार यांच्यासाठी होणाऱ्या अटका. तितकंच कष्टाचं काम असलेल्या इतर कारखान्यांच्या बाबतीत असं दिसलं नाही. बेकारी, गरिबी, बाहेरून आलेल्यांची संख्या अशी नेहमीची कारणं हिशेबात धरूनही फरक उरला.

हा अभ्यास मी अस्वस्थ होऊन वाचला, आणि त्याचा वापर ज्या सहजतेने होऊ शकतो त्याने जास्त अस्वस्थ झाले. आकडे प्रदेशांचे आहेत, माणसांचे नाहीत. अमुक कामगाराने अमुक गुन्हा केला असं त्यातून निघत नाही. तरी वाचणाऱ्याच्या मनात टॉम नीरो उभा राहतो: बघा, जनावरं कापणारा शेवटी माणसांवर जातो. मला त्यातून उलटं वाचावंसं वाटतं. दिवसभर ठरावीक सेकंदांच्या तालावर मारत राहायला लावणारं काम माणसाच्या आत काहीतरी मोडत असेल, तर ते मोडण्याची किंमत स्वस्त मांस खाणाऱ्या सगळ्यांच्या वतीने काही वस्त्या आणि त्यातल्या बायका मोजतायत. जनावर, कामगार आणि कामगाराच्या घरातली बाई यांना तीन वेगळ्या विभागांत ठेवून हा हिशेब जुळणार नाही.

२०२० च्या साथीत हे उघड्यावर आलं. जर्मनीच्या ग्यूटर्सलो जिल्ह्यातल्या एका अवाढव्य कत्तलखान्यात जूनमध्ये १,५०० हून जास्त कामगारांना कोरोनाची लागण झाली. बरेचसे पूर्व युरोपातून कंत्राटदारांमार्फत आणलेले, दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे. त्यानंतर कायदा झाला आणि २०२१ पासून मोठ्या मांसउद्योगांना कत्तलीच्या मुख्य कामासाठी कंत्राटी माणसं वापरायला बंदी आली. त्या कायद्याने एकही डुक्कर वाचलं नसेल. पण गाडीतल्या वकिलांपैकी एकाला तरी नावाने हाक मारली गेली.

डुकरांचीच गोष्ट अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये वेगळ्या रूपात दिसते. तिथे १९८० च्या दशकाअखेरीपासून दहाएक वर्षांत डुकरांची संख्या सुमारे २६ लाखांवरून एक कोटीच्या घरात गेली. हजारो डुकरं एका छपराखाली. त्यांचं मलमूत्र उघड्या तळ्यांत साठवायचं आणि शेतांवर फवारायचं. ही तळी कुठे आली? स्टीव्ह विंग हे साथरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली दाखवून दिलं की गरीब आणि गौरेतर वस्त्यांच्या भागात ती कितीतरी जास्त आहेत. पुढच्या एका अभ्यासात १६ वस्त्यांतल्या १०१ जणांनी घराबाहेर बसून वासाची नोंद ठेवली आणि स्वतःचा रक्तदाब मोजला. दुर्गंधी वाढली की रक्तदाब वाढत होता. अंगणात बसणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, खिडकी उघडी टाकणं, असल्या साध्या गोष्टी लोकांनी सोडून दिल्या होत्या. उद्योगाच्या प्रतिनिधींनी विंग यांच्याकडे संशोधनाची कागदपत्रं मागितली. त्यातून माहिती देणाऱ्यांची ओळख उघड झाली असती. विंग यांनी ओळख पटेल तो तपशील काढून मगच कागद दिले. ते २०१६ मध्ये गेले. वळायलाही जागा नसलेल्या पिंजऱ्यात अडकलेली डुकरीण आणि खिडकी बंद करून बसलेली शेजारीण, या दोघींना एकाच कागदावर आणायची वाट या माणसाच्या कामाने मोकळी करून दिली, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे.

आता हॉगार्थच्या पायऱ्यांकडे. लहानपणी कुत्रा, मग घोडा, मग माणूस, हा क्रम आजही लोक शास्त्र म्हणून सांगतात. आर्लूक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तो प्रत्यक्ष पडताळला. मॅसॅच्युसेट्समध्ये प्राण्यांच्या छळासाठी खटला झालेले १५३ जण त्यांनी घेतले आणि त्याच परिसरातले, त्याच वयाचे, तसा खटला न झालेले तितकेच शेजारी. छळ करणाऱ्यांमध्ये हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण पाचपटीहून जास्त निघालं. संबंध आहे, यात वाद नाही. पण प्राणी आधी आणि माणूस नंतर असा क्रम काही दिसला नाही. कधी प्राणी आधी, कधी नंतर. चोरी आणि इतर गुन्हेही त्यांच्यात जास्त होते. पायऱ्या चढत जाणारा टॉम या आकडेवारीत सापडत नाही.

याचा अर्थ मला तरी असा दिसतो की प्राण्याचा छळ ही हिंसेची शाळा असण्यापेक्षा हिंसेची एक जागा असते. जिथे एकाचा दुसऱ्यावर पुरता ताबा आहे तिथे प्राणीही मार खातो. घर ही त्यातली सगळ्यांत झाकलेली जागा. तिकडे मी येतेच, पण त्याआधी लंडनच्या बॅटरसी भागातला प्रसंग सांगायला हवा, कारण तळातल्या माणसांनी प्राण्याकडे वेगळ्या नजरेने पाहिल्याचा इतका ठळक दाखला मला दुसरा माहीत नाही.

१९०३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एका तपकिरी कुत्र्यावर विद्यार्थ्यांसमोर चिरफाडीचं प्रात्यक्षिक झालं. लिझी लिंड-आफ-हागेबी आणि लैसा शार्टाऊ या दोन तरुणी तिथे हजर होत्या आणि त्यांनी पाहिलेलं लिहून काढलं. कुत्र्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती असा आरोप जाहीर सभेत झाला. प्रयोग करणारे विल्यम बेलिस यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि ते जिंकलेही. १९०६ मध्ये त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, तो बॅटरसीत, कामगारांसाठी बांधलेल्या नव्या वसाहतीत. डॉक्टरीचे विद्यार्थी चवताळले. १९०७ च्या अखेरीस त्यांचे जथे पुतळा फोडायला बॅटरसीत घुसले, ट्रफाल्गर चौकात दंगल झाली. त्यांना अडवायला बॅटरसीचे कामगार उभे राहिले, त्यांच्या बरोबरीने कामगार संघटनेची माणसं आणि बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रिया. अखेर १९१० मध्ये नगरपरिषदेने १२० पोलिसांच्या पहाऱ्यात रात्रीतून पुतळा हलवला.

गिरणीत, गॅस कारखान्यात राबणाऱ्यांना एका कुत्र्याच्या पुतळ्याचं इतकं काय पडलं होतं? अभ्यासक कोरल लॅन्सबरी यांचं उत्तर मला पटतं. १८३२ च्या कायद्याने वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या सरकारी घरांत, मेलेल्या, कोणी दावा न सांगितलेल्या गरिबांची प्रेतं शरीरशास्त्राच्या शाळांना देण्याची सोय झाली होती. आधी खुन्यांना मिळणारी शिक्षा आता नुसत्या दारिद्र्याला मिळू लागली. म्हणजे टॉम ज्या टेबलावर पोचला, तिथे पोचायला आता खून करायचीही गरज उरली नव्हती. धर्मादाय इस्पितळात आपल्यावरही प्रयोग होतील ही भीती त्या वस्त्यांत खोल रुजलेली होती. टेबलाला बांधलेल्या त्या कुत्र्यात लोकांना आपणच दिसत होतो. त्यांची कणव वरून खाली वाहत आलेली नव्हती. ती शेजारच्या बिछान्यावरच्या रुग्णाला वाटावी तशी होती.

ही शेजारपणाची ओढ आजही नोंदवली गेलीय. लेस्ली अर्व्हाइन या समाजशास्त्रज्ञ अमेरिकेत रस्त्यावर राहणाऱ्या, सोबत कुत्रा-मांजर बाळगणाऱ्या लोकांशी दीर्घकाळ बोलल्या. अनोळखी माणसं त्यांना थांबवून सुनावतात: स्वतःचं पोट भरता येत नाही आणि कुत्रा कशाला? काही जण कुत्रा विकत मागतात. आणि बहुतेक जण अर्व्हाइन यांना सांगतात की खाणं मिळालं की आधी कुत्र्याला, मग आपण. ज्याच्याकडे घर नाही त्याला जीव लावण्याचाही हक्क नाही, असं त्या सुनावण्यात गृहीत धरलेलं असतं. प्राण्यांविषयीच्या कळवळ्याचं हे रूप मला सगळ्यांत कठोर वाटतं.

२००५ च्या कत्रिना वादळात न्यू ऑर्लीन्समध्ये तेच गृहीत सरकारी यंत्रणेने धरलं. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी होती ते आपापली जनावरं घेऊन निघून गेले. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना सरकारी बसमध्ये जागा होती, त्यांच्या कुत्र्या-मांजरांना नव्हती. लोकांनी आसरा घेतलेल्या सुपरडोम स्टेडियममधून बसमध्ये चढणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून पोलिसाने त्याचं पांढरं कुत्रं काढून घेतलं, आणि ते पोर ओकारी होईपर्यंत रडत राहिलं. ही बातमी जगभर गेली. कितीतरी लोक जनावरं सोडवेनात म्हणून बुडत्या घरांत थांबले. २००६ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की आपत्तीच्या नियोजनात पाळीव प्राण्यांचाही विचार झाला पाहिजे.

असंच अडकणं घरातही असतं. मानसशास्त्रज्ञ फ्रँक असिओनी यांनी अमेरिकेच्या यूटा राज्यात नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या मारहाणीतून पळून आश्रयगृहात आलेल्या ३८ स्त्रियांशी बोलून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांच्या घरी प्राणी होते त्यांपैकी ७१ टक्के स्त्रियांनी सांगितलं की पुरुषाने प्राण्याला मारायची धमकी दिली होती, इजा केली होती किंवा त्याला मारून टाकलं होतं. काही जणींनी घर सोडायलाच उशीर केला, कारण आश्रयगृहात प्राण्याला घेत नव्हते आणि मागे ठेवला तर त्याचं काय होईल हे त्यांना ठाऊक होतं. मांजराची मान धरून बाईला गप्प करता येतं, हे त्या पुरुषांना पक्कं कळलेलं होतं. कायद्याला, समाजकल्याण खात्याला आणि प्राणी-संस्थांना ते कळायला वेळ लागला, कारण बाईची फाइल एका कचेरीत आणि मांजराची दुसऱ्या. स्त्रीला तिच्या प्राण्यासह आसरा देणाऱ्या आश्रयगृहांना सरकारी अनुदान देण्याची तरतूद अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात आली ती २०१८ मध्ये. असिओनी त्या ३८ जणींशी बोलले त्याला तोवर वीस वर्षं होऊन गेली होती, आणि त्या वीस वर्षांत मांजरासाठी घरातच राहिलेल्या बायका अशा अभ्यासात दिसत नाहीत, कारण अभ्यास आश्रयगृहापर्यंत पोचलेल्यांचा होता.